एमिल व्हार्गोला शून्य मतं

खिळ्यावर टांगलेला आहे, तिथूनच बोलतोय. मी ग्लोव्ह. बेसबॉलमधल्या कॅचरचा ग्लोव्ह, म्हणजे बॅटरच्या पाठीशी उकिडवा बसून पिचरनं फेकलेला बॉल झेलतो ना, त्याचा. जाडजूड, गोल, मधे खोलगट. अर्धं आयुष्य मी बॉल झेलले आणि उरलेलं अर्धं मतांच्या चिठ्ठ्या. दोन्हींपैकी जास्त काय लागतं असं विचाराल, तर चिठ्ठी. तीसुद्धा न आलेली.

कडवट बोलतोय म्हणून तोंड वाकडं करू नका. कातड्याला तेल मिळालं नाही की ते कडक होतं, आणि मला गेल्या अकरा वर्षांत कुणी तेलाचं बोट लावलेलं नाही.

कुठल्या बैलाच्या पाठीवर मी जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतो तो कारखाना आणि तिथल्या एका बाईचे हात. वाद्या ओवताना ती दातांनी ओढायची आणि गाठ बसली की मला एक चापट मारायची. तिथून मी डनमायरला आलो. नदीकाठचं गाव, काचेचा कारखाना, वर टेकडीवर चर्च आणि खाली स्लोव्हाक मंडळींचा क्लब. मला विकत आणलं रूडी व्हार्गोनं, आपल्या लेकासाठी. लेक एमिल, एकोणीस वर्षांचा, पुढच्याच आठवड्यात व्यावसायिक खेळायला दूरच्या गावी निघाला होता.

नवा ग्लोव्ह फळीसारखा ताठ असतो. त्याला मऊ करावं लागतं. रूडीनं मला दाढीचा फेस चोळला, पोटात एक बॉल ठेवला, कमरेच्या पट्ट्यानं आवळलं आणि गादीखाली घालून आठ रात्री माझ्यावर झोपला. बायको करवादायची, "त्याच्यापेक्षा मला बाहेर झोपव." नवव्या दिवशी त्यानं मला बाहेर काढलं, दोनदा उघडमीट केली आणि म्हणाला, "चांगला आहे." त्या घरात हे दोन शब्द फक्त माझ्या वाट्याला आले. एमिलला ते कधी मिळाले नाहीत. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते सगळं या दोन शब्दांपायी झालं.

देताना रूडीनं एक शिकवण दिली. तो स्वतः कारखान्याच्या संघात कॅचर होता, आणि त्याच्या डाव्या हाताची तर्जनी मोडून वाकडी बसली होती. ते बोट लेकापुढं नाचवत तो म्हणाला, "हे बोट आत घालायचं नाही. ग्लोव्हच्या पाठीवर, बाहेर ठेवायचं. आत ठेवलंस की जोराचा बॉल नेमका त्याच्यावर बसतो."

"सगळे आत ठेवतात, बाबा."

"सगळ्यांचे बाप कॅचर नव्हते."

एमिलनं ऐकलं. तेव्हापासून माझ्यात त्याची चारच बोटं आली. तर्जनीची जागा कायम रिकामी. बाकीचा मी घामानं, मातीनं काळा पडलो, मऊ पडलो. ती एक बोटभर जागा मात्र आतून अजून कोरी आणि आवळ आहे.

पुढं एमिल मोठ्या मैदानांवर गेला. चौदा सीझन खेळला. सामन्यासाठी त्याला नवेनवे ग्लोव्ह मिळत, ते झगमगाटात मिरवत आणि दोन वर्षांत फाटून जात. मी सरावाचा. सामन्याआधी पिचर लोक हात मोकळे करायचे, तेव्हा मी. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाची बायको सोडून गेलीय, कुणाला आज बॉल हातातून सुटेल अशी भीती वाटतेय, ते सगळं पहिल्या दहा बॉलांत मला कळायचं आणि माझ्यामार्फत एमिलला. तो उठून जायचा, पिचरच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पांचट बोलायचा आणि तो पोरगा हसून पुन्हा फेकायला लागायचा. याची नोंद कुठल्याही आकड्यात होत नाही. बॅट हातात घेतली की एमिल साधारण, पण त्याच्यापुढं फेकायला मिळावं म्हणून पिचर आपसांत भांडायचे.

सदतिसाव्या वर्षी त्याचे गुडघे संपले. तो डनमायरला परत आला आणि मामेभावाच्या टायरच्या दुकानात लागला. आई तोवर गेली होती. बाप वरच्या गल्लीत, लेक खालच्या. दर रविवारी दोघं एका टेबलाशी जेवायचे, हवेबद्दल बोलायचे आणि उठायचे.

मला त्यानं क्लबात आणून दिलं. आणि इथून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

क्लबात बारच्या मागं एक भिंत आहे. तिच्यावर तेवीस फोटो, सगळे निवृत्त खेळाडू. तिला 'डनमायरचा हॉल' म्हणतात. मोठा, खरा हॉल ऑफ फेम आहे तो लांब. तिथं पत्रकार मतं देतात आणि त्यांना अक्कल नाही, यावर क्लबातल्या बारा म्हाताऱ्यांचं एकमत आहे. म्हणून या बारा जणांनी आपला हॉल काढला. जानेवारीचा दुसरा रविवार, दुपारी चर्च सुटलं की मतदान. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त पाच नावं लिहायची. नऊ मतं मिळाली की फोटो भिंतीवर. खेळाडूनं खेळ सोडून पाच वर्षं झाली की नाव यादीत. आणि ज्याला एकही मत पडणार नाही, त्याचं नाव कायमचं खोडायचं. पुन्हा कधी यादीत नाही.

हा शेवटचा नियम रूडीचा. मोठ्या हॉलात शंभरात पाच मतं पडली नाहीत की नाव जातं. बारा जणांतले पाच टक्के म्हणजे जेमतेम अर्धा माणूस, आणि अर्धा माणूस आणायचा कुठून, म्हणून रूडीनं हा हिशेब बसवला आणि यादीच्या वहीत लाल शाईनं लिहून ठेवला.

आधी चिठ्ठ्या लोणच्याच्या बरणीत टाकत. निकाल वाचताना सगळ्यांना व्हिनेगरचा वास यायचा. मी आल्यावर बार चालवणारी डॉली कुचेरा म्हणाली, "आता यात टाका. झेलायची सवय आहे त्याला." ती मतं मोजते, म्हणून तिला मत नाही.

नियम वहीत लिहिलेले; पण या लोकांचा एक न लिहिलेला रिवाजही होता, आणि लिहिलेल्यापेक्षा तो पक्का. पहिल्या वर्षी कुणाला मत द्यायचं नाही. फारच थोर खेळाडू असेल तर गोष्ट वेगळी; बाकीच्यांनी थांबायचं. "आल्या आल्या पाटावर बसवलं तर किंमत राहत नाही," असं बर्नी ओलेक्सा म्हणायचा. हा निवृत्त पोस्टमन, आवाज असा की नदीपलीकडं पत्र पोचावं. थोडं तंगवायचं, दोनतीन वर्षं वाद घालायचा, मग द्यायचं. वाद संपला तर जानेवारीत करायचं काय?

एकदा याच बर्नीचा लाडका पिचर, लँबर्ट नावाचा, पहिल्यांदा यादीत आला. बर्नी रिवाज मोडून त्याला मत देणार होता. पण त्याच आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि तो इस्पितळात पडला. लँबर्टला शून्य मतं. बर्नी टाके घातलेलं पोट धरून क्लबात आला, हात जोडले, म्हणाला, "रूडी, एक चिठ्ठी घे रे माझी मागाहून." रूडीनं वही उघडून लाल अक्षरं दाखवली. "आज तुझ्यासाठी मोडला, तर उद्या सगळ्यांसाठी मोडावा लागेल." बर्नी दोन महिने क्लबात आला नाही. मग आला, कारण जाणार कुठं?

पाच वर्षं गेली. एमिलचं नाव यादीत आलं.

मतदानाच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी क्लब रिकामा असताना एमिल आला. डॉली ग्लास पुसत होती. त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं आणि हात घातला. चार बोटं आत, तर्जनी बाहेर, पाठीवर. सवय कुठं जाते!

"धाकधूक होतेय?" डॉलीनं विचारलं.

"मोठ्या हॉलची नाही. तिथल्या यादीत माझं नाव छापलंय हेच खूप झालं."

"इथली?"

तो माझ्या पोटात मूठ मारत राहिला. मग म्हणाला, "फोटो नको मला, डॉली. एक मत हवंय."

"एक मत घेऊन काय करणार, लोणचं घालणार?"

"बाकीचे अकरा जण पहिल्या वर्षी कुणाला देत नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणजे एक आलं, तर ते कुणाचं, ते मला कळेल."

डॉलीचा हात थांबला. "अरे, मग तोंडानं विचार ना त्याला."

"बेचाळीस वर्षांचा झालो. आता 'बाबा, मी बरा होतो का' असं विचारू?"

डॉलीनं हे रूडीला सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं, बाप आहे, देईलच. हे 'वाटलं' नीट लक्षात ठेवा. त्या आठवड्यात ते सगळ्या डनमायरला वाटत होतं.

रविवार उजाडला. बाहेर गुडघाभर बर्फ. उमेदवारच गावात राहतोय असं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून त्यानं मतमोजणीला आत बसू नये असं ठरलं. घरी बसावं की नाही शहाण्यानं! एमिल क्लबाच्या दारात ट्रक लावून आत बसला, इंजिन चालू ठेवून. डॉली त्याला कॉफी देऊन आली.

आत वादाला रंग चढला होता. टेबलावर कोबीत परतलेल्या शेवया, सॉसेज, शेंगांची टरफलं. आधी डिलार्डवरून जुंपली. हा बॉल मैदानाबाहेर भिरकावून होम रन मारणारा राक्षस, पण ताकदीची औषधं टोचून घेताना पकडला गेलेला.

"सहाशे होम रन!" बर्नीनं टेबलावर मूठ आपटली. "आणि तुम्ही त्याला भिंतीवर घेत नाही?"

"त्यातले दोनशे सुईचे," वेंडेल प्राइस म्हणाला. हा निवृत्त बसड्रायव्हर, सगळे आकडे एका वहीत लिहून ठेवणारा. वही बघितल्याशिवाय तो शिंकतसुद्धा नाही.

"मग चारशेचा तरी लाव! अर्धा फोटो लावू. कमरेपासून वर."

"बरोबर आहे. सुई कमरेखालीच टोचतात."

सगळे खदखदून हसले. रूडी हसला नाही. तो कोपऱ्यात शेंगा सोलत होता. सोलायचा आणि खायचा नाही.

मग एमिलचं नाव निघालं. वेंडेलनं वहीचं पान उलटलं. "चौदा सीझन. बॅटिंगची सरासरी हजारात दोनशे एक्केचाळीस. खरं सांगू? आकड्यांत नाही बसत."

"मिट ती वही!" बर्नी उसळला. "कॅचरला बॅटनं मोजतात होय रे? उद्या भटारखान्यातल्या माणसाला तो जेवतो किती त्यावर पगार द्याल! पिचर त्याच्यासाठी मारामाऱ्या करायचे. आपल्या गावचा पोरगा आहे. या भिंतीवर त्याचा फोटो लागलाच पाहिजे, आणि लागणारच! मी आहे ना इथं!"

"रूडी, तू बोल," कुणीतरी म्हणालं.

"मी बोलणार नाही."

"अरे, बाप आहेस तू त्याचा."

"इथं बाप नाही. इथं मी बारांतला एक."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात नुसता उतू जात होता. एकानं एमिलचा एक झेल हातवारे करून दाखवला, दुसऱ्यानं त्याच्या गुडघ्यांसाठी डोळे पुसले. ट्रकमध्ये बसलेल्या माणसानं ते ऐकलं असतं, तर तिथंच त्याचं भागलं असतं. पण खिडक्या बंद होत्या.

पेन्सिली वाटल्या. रूडी चिठ्ठी घेऊन बारपाशी आला आणि माझ्या पाठीवर ठेवूनच लिहायला लागला. मला वाचता येत नाही, पण पेन्सिलीचा दाब कळतो. त्यानं चार नावं लिहिली, एकाखाली एक. पाचव्या ओळीवर पेन्सिल टेकली. एक उभी रेघ ओढली, खोल, कागद फाटेल अशी. आणि थांबली. मी मनात म्हणालो, लिही. रूडी, लिही रे. अकरा जण आहेत, असं मनात आणू नकोस. त्यानं पेन्सिल उलटी केली आणि रबर घासलं. माझ्या पाठीवर ते घासणं मला अजून जाणवतं. मग चिठ्ठीची घडी घालून त्यानं ती माझ्यात टाकली.

बारा चिठ्ठ्या पडल्या. शुक्रवारच्या माशांचे भाव लिहायच्या फळ्यावर डॉलीनं नावं लिहिली, एकेक चिठ्ठी उघडून वाचायला लागली आणि नावांपुढं खडूच्या रेघा वाढत चालल्या. डिलार्डला सात. आणखी कुणाला पाच, कुणाला चार. एमिलच्या नावापुढं फळा काळाच. सातव्या चिठ्ठीनंतर गप्पा थांबल्या. बारावी वाचून झाल्यावर तिनं ती उलटून मागची बाजू बघितली. मग मला उलटा करून दोनदा बारवर आपटलं. काही पडलं नाही.

"शून्य?" वेंडेल म्हणाला.

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"बर्नी, तू दिलं नाहीस? तासभर घसा फोडत होतास!"

"पहिल्या वर्षी मी देतो का कधी? पुढच्या वर्षी देणारच होतो! मला वाटलं, वेंडेल, तू देशील."

"माझी वही नाही म्हणत होती. मला वाटलं, तुम्ही अकरा जण आहात की!"

"मला वाटलं, रूडी तर देईलच..."

झालं. बारा माना रूडीकडं वळल्या. त्याची स्वतःची सोडून अकरा म्हणा हवं तर. पण तोही स्वतःकडंच बघत असावा. तो हळू म्हणाला, "बापानं दिलं, असं लोक म्हणाले असते. मला वाटलं, तुम्ही सगळे आहात. एवढे बोलताय."

"पुढचं वर्ष नाहीच आहे आता, मूर्खांनो," वेंडेल म्हणाला. "शून्य म्हणजे नाव खोडायचं."

डॉलीनं चिठ्ठ्या गोळा करून मुठीत चुरगाळल्या. "परत घ्या मतं. कोण बघतंय? दार बंद आहे. पाच मिनिटांचं काम."

"घ्या," बर्नी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "माझ्या लँबर्टचं काय व्हायचं ते झालं. मी काही म्हणत नाही. घ्या परत."

अकरा जण राजी होते. एक 'हो' हवा होता, तो रूडीचा. त्याच्या हातात अजून पेन्सिल होती. मला वाटलं, आता तरी. पण त्यानं बर्नीकडं बघितलं आणि म्हणाला, "तुझं पोट फाटलेलं असताना मी तुला परत पाठवला. आता माझ्या लेकासाठी वही बंद करू? नाही. नियम म्हणजे नियम."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. माणसं न्यायाच्या गोष्टी करतात तेव्हा मला धडकी भरते. स्वतःचं नाक ताठ राहावं म्हणून दुसऱ्याचा गळा कापायचा, आणि त्याला म्हणायचं न्याय. रूडीनं वही ओढली आणि लाल शाईनं लेकाच्या नावावर काट मारली. रेघ सरळ आली.

बाहेर जाऊन सांगायला कुणी उठेना. शेवटी एमिलच आत आला. बूट आपटून बर्फ झाडला, हसत टोपी काढली आणि फळ्याकडं बघितलं.

"एकही नाही?" त्यानं विचारलं.

त्यानं बापाकडं बघितलं. बाप टरफलांकडं बघत होता.

"बरं," एमिल म्हणाला. "डॉली, एक बीअर."

उभ्यानंच ती प्यायला. मग सामना हरल्यावर करतात तसं त्यानं एकेकाशी हस्तांदोलन केलं. बर्नी काहीतरी बोलायला गेला. त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पिचरच्या ठेवायचा तसा. सगळ्यांत शेवटी बापासमोर आला आणि त्याच्याशीही हात मिळवला, परक्या माणसाशी मिळवावा तसा. "मला चांगला मोजलात, बाबा," म्हणाला आणि गेला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. आठवडाभरानं मोठ्या हॉलचा निकाल लागला, तिथंही त्याचं नाव गेलं. पण त्याला त्याचं काही नव्हतं, आणि ते खरंच होतं.

रविवारची जेवणं बंद झाली. एमिल बापाच्या दारात औषधं ठेवायचा, अंगणातला बर्फ काढून द्यायचा आणि उंबरा न ओलांडता परत जायचा. रूडी खिडकीतून बघायचा. बर्नी त्याला म्हणायचा, "अरे, हाक मार त्याला." रूडी म्हणायचा, "कुठल्या तोंडानं?"

पुढच्या जानेवारीत रूडी मतदानाला आला. चिठ्ठी माझ्या पाठीवर ठेवली आणि पाच ओळी लिहिल्या. पाचही ओळींत पेन्सिल अगदी तीच वळणं घेत होती. मोजताना डॉलीनं ती चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा पडला. पाचही वेळा एकच नाव. एमिल व्हार्गो. एमिल व्हार्गो. यादीत नसलेलं नाव वाचायचं नाही, असाही एक नियम होता. अर्थात रूडीचाच.

"एक चिठ्ठी बाद," ती म्हणाली आणि ती चुलीत टाकली.

नंतर तिनं रूडीला गाठलं. "मी सांगते एमिलला."

"मत गुप्त असतं, डॉली. बाहेर बोललीस तर मी पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही."

पाच वर्षं हेच चाललं. बैल गेला आणि झोपा केला. दर जानेवारीला एक चिठ्ठी बाद. दर जानेवारीला चुलीत एमिलचं नाव पाचदा जळायचं आणि एमिल खालच्या गल्लीत टायर बदलत असायचा.

या जानेवारीत रूडी काठी टेकत आला. चिठ्ठी माझ्या पाठीवर ठेवली, पण या वेळी पाच ओळी नव्हत्या. तो लिहीतच राहिला. एक बाजू भरली, कागद उलटला, दुसरी भरली. लिहिताना ओठ हलत होते. "पोरा," एवढं मला ऐकू आलं आणि मग "चांगला." पुढचं पेन्सिलीच्या आवाजात बुडालं. बर्नी ओरडला, "रूडी, पाच नावं लिहायचीत, मृत्युपत्र नाही!" रूडीनं बारीक, घट्ट घडी घातली. ती घडी त्यानं माझ्यात खोल ढकलली आणि ती थेट तर्जनीच्या जागेत जाऊन रुतली.

डॉलीनं अकराच मोजल्या. मला दोनदा आपटलं. "रूडी, टाकलीस ना तू?"

"टाकली."

"विसरला म्हातारा," बर्नी पुटपुटला. डॉलीला वाटलं, बरं झालं, या वर्षी जाळायला नको. रूडी माझ्याकडं बघत होता. त्याला ठाऊक होतं की काय, कोण जाणे. फेब्रुवारीत तो झोपेतच गेला.

दफन झाल्यावर जेवण क्लबात होतं. एमिल काळ्या कोटात आला. दाढी पांढरी झालेली, गुडघे अजूनच वाकलेले. डॉली ताट घेऊन त्याच्याजवळ गेली. आता क्लबातून निघून जायला रूडी नव्हता. "एमिल, तुझा बाप दर जानेवारीला..."

"मतदानाचं नको, डॉली. आज त्याचं चांगलं तेवढं बोला."

"अरे, तेच सांगतेय..."

"नको म्हटलं ना!" तो इतक्या जोरानं म्हणाला की सगळे वळून बघायला लागले. ताट तिथंच ठेवून डॉली स्वयंपाकघरात गेली आणि तिथं ती रडली. आता ती म्हणते, एकदा निवांत सांगेन. पण एमिल क्लबात येत नाही, आणि काय सांगणार? चिठ्ठ्या तिनंच जाळल्या.

निघताना एमिल बारपाशी थांबला. मला खिळ्यावरून काढलं. बर्नी म्हणाला, "घेऊन जा तो. तुझाच आहे. बापानं आणलेला."

एमिलनं मला हातात घातलं. सहा वर्षांनी! चार बोटं आत आली, आपापल्या जागी बसली. आणि तर्जनी, जिला बापानं शिकवलं होतं, ती माझ्या पाठीवर बाहेर येऊन टेकली. तिच्याखाली एवढंसं कातडं, आणि त्या कातड्याखाली दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद. मी ओरडलो. कातडं ओरडतं तेव्हा फक्त करकरतं. एमिल म्हणाला, "वाळलाय पार," आणि मला परत टांगलं. "राहू दे इथंच. मतं टाकायला लागतो तुम्हाला."

येत्या जानेवारीत मला पुन्हा उतरवतील. भिंतीवर कोणाला घ्यायचं यावरून घसे फोडतील. रूडीच्या जागी नवा माणूस घेतलाय, म्हणजे पुन्हा बारा चिठ्ठ्या पडतील. डॉली मला उलटा करून दोनदा आपटेल आणि तेरावी पडणार नाही. ती जागा कधी वापरलीच नाही, म्हणून अजून नव्यासारखी आवळ आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुमच्यापैकी कुणी डनमायरच्या टायरच्या दुकानात पोचवलंत तर उपकार होतील. एमिल, एकदा ये. मला खाली काढ. आणि एकदाच, आयुष्यात फक्त एकदा, बापाचं ऐकू नकोस. ते बोट आत घाल.